लवळ्याचा पाऊस आणि सांख्यिकीचा पेपर

लवळ्यात वर्षाला किती पाऊस पडतो? सत्राच्या पहिल्या तासाला मी एवढंच फळ्यावर लिहिते आणि मागच्या बाकावर जाऊन बसते. महिना जुलैचा असतो, बाहेर तोच पाऊस चालू असतो. वर्ग दुसऱ्या वर्षाचा, कला आणि वाणिज्य शाखेच्या मुलामुलींचा. विषय सांख्यिकी, आणि बऱ्याच जणांनी दहावीनंतर गणित सोडलेलं. फोन बाहेर निघतात. पुण्याचा आकडा मिळतो, ताम्हिणीचा मिळतो. लवळ्याच्या नावानं जे काही सापडतं, ते कुणी, कुठं, कशानं मोजलं हे मात्र कुणालाच सांगता येत नाही. मग माना वळतात आणि विचारणा होते, "मॅडम, उत्तर काय आहे?" माझ्याकडेही उत्तर नसतं. ते पुढच्या चार महिन्यांत या वर्गानं काढायचं असतं, आणि ते काढता काढता जेवढी सांख्यिकी लागेल तेवढी शिकायची असते.

हा प्रश्न मला जागेनं दिला. शिवाजीनगरच्या वेधशाळेत वर्षाला साधारण सातशे ते साडेसातशे मिलिमीटर पाऊस होतो. तिथून पश्चिमेला पन्नास-साठ किलोमीटरवर ताम्हिणीच्या घाटात तो सहा हजारांच्या घरात जातो. लवळे या दोहोंच्या मधे, शहरापासून वीसेक किलोमीटरवर आहे. मुळेचं खोरं, भातखाचरं, टेकडी. टेकडीवर सिंबायोसिसच्या संस्था, आणि याच गावात 2007 साली सुरू झालेलं, 2015 पासून विद्यापीठ असलेलं फ्लेम. मी शिकवते ते महाविद्यालयही याच पट्ट्यातलं. देशभरातून मुलं इथं येतात, तीन-चार वर्षं राहतात, आणि ज्या गावाचं नाव कुरियरच्या पत्त्यावर लिहितात त्या गावात फार तर चहापुरती उतरतात. त्यांच्या खिडकीबाहेर भारतातल्या पावसाच्या सर्वांत तीव्र उतारांपैकी एक रोज घडत असतो. समुद्रावरून आलेला वारा सह्याद्रीला थडकतो, वर चढतो, थंड होतो, घाटमाथ्यावर रिता होतो आणि पूर्वेकडे उतरताना कोरडा होत जातो. सांख्यिकीच्या शिक्षिकेला याहून चांगली प्रयोगशाळा कोण देणार?

आमच्याकडे अभ्यासक्रम बदलायचा म्हटलं की पहिला हात यादीला लागतो. मध्य, मध्यक, बहुलक, प्रमाण विचलन, सहसंबंध, समाश्रयण, निर्देशांक, कालश्रेणी, संभाव्यता. यादीत एक-दोन नवे मुद्दे घालायचे, एक गटचर्चा घालायची, थोडे व्हिडिओ दाखवायचे, नॅकच्या फायलीत सीओ-पीओचे, म्हणजे अपेक्षित निष्पत्तींचे, तक्ते भरायचे आणि वर 'विद्यार्थीकेंद्री' असं लिहायचं. या सगळ्यात विद्यार्थ्याचं काम होतं तेच राहतं: ऐकायचं, उतरवून घ्यायचं, आयएमपी प्रश्न पाठ करायचे. आमची मुलं प्रमाण विचलन दोन दशांश स्थळांपर्यंत बिनचूक काढतात. पण या आकडेवारीसाठी मध्य घ्यावा की मध्यक, असं विचारलं तर प्रश्नपत्रिकेत काय दिलंय ते बघतात. कारण तो निर्णय त्यांच्याकडे कधी दिलेलाच नसतो. उदाहरण पुस्तकातलं, आकडे पुस्तकातले, सूत्र कोणतं वापरायचं तेही धड्याच्या नावावरून ठरलेलं.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. अभ्यासक्रम विद्यार्थ्याभोवती उभा करायचा म्हणजे विषयातले निर्णय त्याच्या हाती द्यायचे. निर्णयाला वेळ लागतो. आणि तो वेळ पोर्शन कापल्याशिवाय कुठूनही येत नाही. बाकी सगळी रचना या कापाकापीतून निघते.

कापायचं कसं, हे ग्रँट विगिन्स आणि जे मॅकटाय यांच्या 1998 सालच्या पुस्तकानं मला दाखवलं. त्यांची पद्धत उलटी: शेवटी विद्यार्थ्याला काय करता यायला हवं ते आधी ठरवा, ते येतंय याचा पुरावा कोणता मानणार ते ठरवा, आणि तास सर्वांत शेवटी आखा. मी सत्र आखायला बसले तेव्हा सगळ्यात आधी शेवटच्या परीक्षेतला शेवटचा प्रश्न लिहिला. मावळातल्या एका गावात पाऊस मोजलेला नाही. तुम्हाला पाच पर्जन्यमापकं आणि दोन महिने दिले आहेत. ती कुठं ठेवाल, का, आणि हाती आलेल्या आकड्यांवरून वर्षाचा अंदाज कसा सांगाल? त्या अंदाजावर किती विश्वास ठेवायचा, तेही सांगा. हा प्रश्न सोडवायला जे लागणार नाही ते सगळं यादीतून काढायला घेतलं. निर्देशांक गेले. बहुलक काढायची गट-पद्धत गेली. विषमतेची पिअर्सनची आणि बाऊलीची सूत्रं गेली. विषमता म्हणजे काय ते राहिलं. सूत्रांच्या सिद्धता गेल्या. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी काळजीनं विचारलं, "अहो, पुढच्या वर्षी लागेल ना त्यांना निर्देशांक?" त्यांची काळजी खरी होती. पुढच्या वर्षी लागेल तेव्हा पुढच्या वर्षी शिकवावा, आणि ज्याला मध्य म्हणजे काय ते कळलंय त्याला निर्देशांक कळायला दोन तास पुरतात, असं मी त्यांना सांगितलं. आजही माझं तेच मत आहे.

आता बाटल्यांविषयी. प्रत्येक गटानं आपलं पर्जन्यमापक स्वतः करायचं. सरळ भिंतीची प्लास्टिकची बाटली, वरचा भाग कापून उलटा नरसाळ्यासारखा बसवलेला, तळाला खडे आणि शून्याच्या रेघेपर्यंत पाणी, कारण बाटलीचा तळ सपाट नसतो. नोंद रोज सकाळी साडेआठला, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठला संपतो आणि आपल्याला आपले आकडे त्यांच्या आकड्यांशेजारी ठेवायचे आहेत. पहिला वाद बाटलीच्या रुंदीवरून होतो. मोठ्या तोंडाच्या बाटलीत जास्त पाऊस पडणार, म्हणजे तो गट पुढे, अशी जवळजवळ सगळ्यांची खात्री असते. मी काही बोलत नाही. दोन-तीन दिवसांत आकडे येतात. रुंद आणि अरुंद बाटल्यांतली उंची जवळपास सारखीच निघते. मग कागद निघतो, क्षेत्रफळ आणि घनफळ निघतं, आणि एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हे त्यांचं त्यांना सापडतं. हेच वाक्य मी पहिल्या दिवशी फळ्यावर लिहून देऊ शकले असते. पाच मिनिटांत वहीत गेलं असतं आणि वहीतच राहिलं असतं.

दुसरा वाद जास्त मोलाचा. एकाच आवारात ठेवलेल्या बाटल्यांचे आकडे सारखे येत नाहीत. एक पागोळीखाली असते, एक झाडाखाली, एक उघड्या गच्चीवर, एक वाऱ्याच्या तोंडाला. 'खरा' आकडा कोणता? इथं पहिल्यांदा प्रमाण विचलनाची गरज पडते आणि ते शिकवलं जातं. नजरेसमोर दहा बाटल्या आणि त्यातले दहा वेगवेगळे आकडे असले की त्या सूत्रात सरासरीपासूनचं अंतर का घेतात, वर्ग का करतात, हे मुलं स्वतः विचारतात. पागोळीखालच्या बाटलीचा आकडा सोडून द्यायचा की नाही, यावर एकदा अख्खा तास गेला. सोडायचा असेल तर कारण मोजणीच्या जागेत दाखवायचं, आकडा आपल्याला आवडला नाही म्हणून सोडायचा नाही, असा नियम शेवटी त्यांनीच केला. त्या तासाला माझा आवाज फारसा लागला नाही. तयारीला मात्र त्याआधीची रात्र लागली होती, कारण वाद कुठं अडकेल आणि अडकला तर कोणता छोटा प्रश्न पुढे सरकवायचा, हे आधी लिहून ठेवावं लागतं. मुलं बोलतात त्या तासाला शिक्षकाचं काम कमी होतं, असा एक समज आहे. ज्यानं असा तास घेतलाय तो असं म्हणणार नाही.

मग येते रेघ. एका टोकाला शिवाजीनगर, दुसऱ्या टोकाला ताम्हिणी. मधे सरळ रेघ मारली की वीस किलोमीटरवर अडीच हजार मिलिमीटरच्या वर आकडा येतो. गणित बरोबर असतं, म्हणून मुलं खुशीत असतात. मग ऑगस्टच्या मध्याला त्यांचे स्वतःचे आठवड्यांचे आकडे शिवाजीनगरच्या आकड्यांशेजारी ठेवायला सांगते. लवळ्यात शहरापेक्षा जास्त पडतो हे दिसतं, पण रेघेनं सांगितलेल्या पटीच्या तो आसपासही नसतो. रेघ का चुकली? कुणीतरी नकाशा काढतं, कुणीतरी डोंगरांच्या उंचीकडे बोट दाखवतं. घाटमाथ्यापाशी पाऊस झपाट्यानं उतरतो आणि पुढे पूर्वेकडे हळूहळू सपाट होत जातो. तिथं सरळ रेघ चालत नाही. समाश्रयणाच्या धड्यात पुस्तक रेघ कशी काढायची ते सांगतं. ती कधी काढायची नाही हे मुलांना या डोंगरानं सांगितलं, आणि मला समाश्रयणातला तोच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

गावात जाणं हा मूळ आखणीचा भाग होता, पण त्यातून काय निघेल हे ठरलेलं नव्हतं. जुन्या माणसांना पावसाविषयी विचारून यायचं, एवढंच काम होतं. परराज्यातल्या मुलांना मराठी येत नाही, म्हणून प्रत्येक गटात एक तरी इथला विद्यार्थी. एका गटात जवळच्याच वाडीतली एक मुलगी होती, वर्गात क्वचित बोलणारी. तिनं गटाला एका आजोबांकडे नेलं. जुलैत किती, ऑगस्टमध्ये किती, असं इतरांनी विचारायला सुरुवात केली, तेव्हा आजोबा म्हणाले, "म्हैन्यानं पाऊस मोजत नाय आम्ही. तरणा किती पडला, म्हातारा किती पडला, ते इचारा." तरणा म्हणजे पुनर्वसूचा पाऊस, म्हातारा म्हणजे पुष्याचा. ती मुलगी दुसऱ्या दिवशी वर्गात उभी राहिली आणि तिनं मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा अशी नक्षत्रं फळ्यावर तारखांसह मांडली. पुनर्वसू साधारण 6 जुलैला लागतं, पुष्य 20 जुलैच्या सुमारास. तेरा-चौदा दिवसांचा एकेक कप्पा, आणि भाताची लावणी याच कप्प्यांवर बेतलेली.

वर्गांतर किती घ्यायचं, हा वारंवारता वितरणाचा सर्वांत नीरस समजला जाणारा भाग. त्या दिवशी तीन आलेख शेजारी लावले गेले: महिन्यांचा, हवामान खात्यासारखा आठवड्यांचा आणि नक्षत्रांचा. महिन्यांच्या आलेखात जुलै एक उंच खांब होता. नक्षत्रांच्या आलेखात तोच जुलै फुटला, आणि लावणीच्या ऐन दिवसांतली उघडीप दिसायला लागली. आकडे तेच. कप्पे बदलले की वेगळी गोष्ट दिसते, आणि कोणते कप्पे घ्यायचे हे आपल्याला काय जाणून घ्यायचंय त्यावर ठरतं. शेतकऱ्याला लावणीचं कळायला हवं असतं, म्हणून त्याचे कप्पे तसे. ही गोष्ट मी कधीच इतकी चांगली सांगू शकले नसते. त्या मुलीच्या घरात ती होती आणि आमच्या वर्गात तिला आजवर जागा नव्हती. त्या सत्रानंतर ती गप्प राहिली नाही.

महात्मा फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, त्यात गावच्या शाळांत शेतीची प्राथमिक माहिती शिकवावी आणि खेड्यातला अभ्यासक्रम शहरातल्यापेक्षा वेगळा असावा, असं मांडलं होतं. ते प्राथमिक शिक्षणाविषयी होतं. पण शिकणाऱ्याच्या जगण्यातून विषय उभा करायचा, हा विचार आपल्याकडे बाहेरून आलेला नाही, एवढं त्यातून दिसतं. डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 साली शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम उभा केला तो हाताला काम देऊन शिकवण्यासाठीच. आयआयटी मुंबईच्या 'सितारा' या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या केंद्रात प्रा. मिलिंद सोहोनींनी विद्यार्थ्यांना गावांच्या पाणीयोजनांवर काम करायला पाठवलं आणि त्या कामाला अभ्यासाचा दर्जा दिला. लवळ्यातच फ्लेमचा डिस्कव्हर इंडिया कार्यक्रम आहे. विद्यार्थी गटानं देशातला एक विषय निवडतात, अभ्यासतात, प्रत्यक्ष त्या ठिकाणी जाऊन पाहणी करतात आणि सगळ्यांसमोर मांडतात. या सगळ्यात मला एक धागा दिसतो तो असा, की जिथं प्रश्न खरा आहे तिथं विद्यार्थ्याला कामाला लावण्यासाठी वेगळी युक्ती लागत नाही.

युक्ती लागते ती गुणांच्या बाबतीत. गटाला काम दिलं की एकजण राबतो आणि चौघं नावं लावतात, हे प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. म्हणून नोंदवही प्रत्येकाची वेगळी, आणि व्हायवाला गटातल्या कुणालाही कोणत्याही दिवसाच्या नोंदीबद्दल विचारलं जातं. "एवढा पाऊस लागला त्या दिवशी तुमची बाटली कुठं होती?" हा प्रश्न पुरतो. गणपतीच्या सुट्टीत मुलं घरी जातात आणि नोंदी पडतात. रिकामा रकाना रिकामाच ठेवायचा आणि शेजारी कारण लिहायचं, त्याला पूर्ण गुण. भरून काढलेल्या रकान्याला शून्य. मनानं भरलेले आकडे ओळखायला शिकवणं हाही एक तास असतो, आणि तो मुलांना फार आवडतो. खऱ्या नोंदींत शेवटचा अंक कुठलाही येतो. मनानं लिहिलेल्या आकड्यांच्या शेवटी 0 आणि 5 फार येतात, आणि शेजारची बाटली कोरडी राहिलेल्या दिवशी या बाटलीत पाऊस पडलेला असतो. वर्षभराच्या विक्रीचे अहवाल किंवा सर्वेक्षणांचे आकडे वाचणाऱ्या माणसाला हे कौशल्य आयुष्यभर उपयोगी पडेल. आमच्या जुन्या यादीत त्याचं नावही नव्हतं.

मुलांना हे सगळं पहिल्यापासून आवडतं असं मी म्हणणार नाही. सत्राच्या सुरुवातीला नाराजी असते. "मॅडम शिकवत नाहीत, आम्हालाच करायला लावतात," हे वाक्य फीडबॅकच्या फॉर्मवर हमखास येतं. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या वर्गांवर लुई डेलोरिए आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. स्वतः डोकं लावून शिकलेल्या विद्यार्थ्यांना चाचणीत जास्त आलं, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटलं. सफाईदार व्याख्यान ऐकलेल्यांना आपण जास्त शिकलो असं वाटलं आणि प्रत्यक्षात कमी आलं. हे निष्कर्ष मी सत्राच्या सुरुवातीलाच मुलांसमोर ठेवते. सांख्यिकीचाच वर्ग आहे, तेव्हा त्यातली नमुनानिवडही त्यांनी तपासावी. 2014 साली स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान-अभियांत्रिकीच्या 225 अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. नुसत्या व्याख्यानांच्या वर्गांत शंभरात सुमारे 34 जण नापास होत होते, तर विद्यार्थ्यांना कामाला लावणाऱ्या वर्गांत 22. माझ्यासाठी या फरकात माणसं आहेत. एटीकेटीच्या यादीत दर वर्षी दिसणारी, पहिल्या पिढीतली, क्लास न परवडणारी मुलं या फरकात असतात.

संलग्न महाविद्यालयांतले शिक्षक मला विचारतात, "तुमचं ठीक आहे, आमच्याकडे वर्गात सव्वाशे मुलं आणि पेपर विद्यापीठाचा." अडचण खरी आहे. अभ्यासमंडळानं ठरवलेली यादी एकट्या शिक्षकाला कापता येत नाही. पण इंटर्नलचे गुण त्याच्या हाती असतात, आणि नव्या शैक्षणिक धोरणाखाली क्षेत्रीय प्रकल्पाला स्वतंत्र श्रेयांक मिळायला लागले आहेत. प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे तीस तास; एका खऱ्या प्रश्नाला एवढे तास पुष्कळ झाले. राहिली मोठ्या वर्गाची गोष्ट. आयआयटी मुंबईत पहिल्या वर्षाच्या प्रोग्रॅमिंगच्या शेकडोंच्या वर्गात साधी पद्धत वापरून पाहिली गेली: आधी एकट्यानं विचार, मग शेजाऱ्याशी बोलणं, मग सगळ्यांसमोर. त्या वेळात सरासरी 83 टक्के विद्यार्थी खरोखर गुंतलेले होते, असं 2013 साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या संशोधकांच्या निरीक्षणात आढळलं. त्याला बाकं हलवावी लागत नाहीत, यंत्र लागत नाही. लागतो तो चांगला प्रश्न, ज्याची दोन उत्तरं पटण्यासारखी असतील आणि त्यांतलं एक चुकीचं असेल. असे प्रश्न लिहिणं अवघड आहे. एका तासाला दोन चांगले प्रश्न लिहायला मला तास घेण्याहून जास्त वेळ लागतो, आणि महाविद्यालयांच्या कार्यभाराच्या तक्त्यात या वेळेला रकाना नाही. शिक्षकांनी अभ्यासक्रम बदलावा असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांनी हा रकाना आधी घालावा.

पाण्याचा प्रश्न घेतला की तो वाहत जातो, हेही सांगायला हवं. मुळशीच्या धरणाचं पाणी घाटाखाली भिऱ्याला वीज करायला जातं, हे कळल्यावर एका गटानं आपलं पाणी पश्चिमेला का जातं म्हणून शोध सुरू केला आणि याच धरणाविरुद्धच्या 1921 च्या मुळशी सत्याग्रहापाशी, सेनापती बापटांपाशी पोचला. त्यांना मी थांबवलं नाही. इतिहासाच्या सहकाऱ्यांकडे पाठवलं. तिथं त्यांना वेगळे गुण मिळाले, माझ्याकडे मात्र पर्जन्यमापकाच्या नोंदीच द्याव्या लागल्या. सगळंच सगळ्याशी जोडलेलं आहे म्हणून सगळंच एका विषयात घ्यायचं ठरवलं, तर काहीच खोल होत नाही.

यंदा पौडच्या बाजूच्या एका महाविद्यालयातला वर्ग याच पद्धतीनं मोजणार आहे. तिथले शिक्षक वाणिज्यचे, संलग्न महाविद्यालयातले; त्यांनी इंटर्नलचे गुण यासाठी राखून ठेवलेत. दोन्हीकडचे आकडे दर शनिवारी एका तक्त्यात येतील आणि ऑगस्टअखेर दोन्ही वर्ग एकमेकांच्या नोंदी तपासतील. सहसंबंधाचा धडा त्या आठवड्यासाठी राखून ठेवला आहे. मोजणी सुरू होण्याआधी एका रविवारी दोन्हीकडच्या बाटल्या एकत्र आणून प्रत्येकीत मोजून सारखं पाणी ओतायचं, शून्याच्या रेघा जुळवायच्या आणि ज्या जुळणार नाहीत त्या पुन्हा करायच्या, असं ठरलंय.